मंगळवारच्या भाकऱ्या

“चूक दाखवा, गुरुजी. एक. एकच चूक दाखवा!”

निरंजन उभ्या उभ्याच बोलत होता. हेल्मेट अजून काखेत, आणि पन्नास किलोमीटरची धूळ भुवयांवर.

कासिमगुरुजी चुलीपुढं बसून काटवटीत पीठ मळत होते. ऐंशीच्या घरातला म्हातारा. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून स्वतःची भाकर स्वतः थापायचा. कुणी डबा पाठवतो म्हटलं तर अंगावर यायचा.

“बस,” गुरुजी म्हणाले.

“बसायला वेळ नाही. पाचच्या आत मला शाळेवर परतायचंय.”

“मग उभा राहा.”

निरंजन बसला.

या निरंजनला जिल्ह्यात ओळखत नाही असा माणूस नव्हता. माळावर त्याची निवासी शाळा होती, अडतीस मुलांची. शिक्षण आणि लोकशाही यांवर त्यानं लिहिलेल्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली होती. लांबलांबून माणसं गाड्या करून शाळा बघायला येत. मूल मोठं झाल्यावर नागरिक होत नाही, ते आजच नागरिक आहे, हे त्याचं वाक्य. ते म्हटलं की सभागृहात हमखास टाळ्या पडायच्या, आणि टाळ्या थांबेपर्यंत तो पुढचं वाक्य बोलत नसे.

शाळेत दर शनिवारी मुलांची सभा भरायची. सुट्टी कधी, भाजी कोणती, भांडण कसं मिटवायचं, सगळं मुलं हात वर करून ठरवायची. सभेचा ठराव खुद्द निरंजनलाही फिरवता येत नसे. हा नियम त्यानंच केला होता, आणि त्याचा त्याला भारी अभिमान.

आपण सल्ला मागायला आलोय, असं तो म्हणत होता. हवी होती शाबासकी. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची खोड जुनीच.

“आमच्या शाळेतल्या शालनबाईंनी राजीनामा तोंडावर फेकला माझ्या,” तो म्हणाला. “मुलांसमोर! वर मलाच म्हणाल्या, माझं ऐकू नका, तुमच्या त्या कासिमगुरुजींना विचारून या. म्हणून आलो. नाहीतर मला काही शंका नाही.”

“शंका नाही तर एवढं पेट्रोल कशाला जाळलंस?”

निरंजननं बाहीनं भुवयांवरची धूळ पुसली.

“झालं काय?”

“सोजर नावाची मुलगी आहे. झबरू काळेची. अकरा वर्षांची. जूनमध्ये मीच आणली तिला पारध्यांच्या पालावरून. बाप नको म्हणत होता. चार चकरा मारल्या मी.”

“बरं.”

“आमच्याकडं स्वयंपाकाच्या पाळ्या असतात. मुलगा असो, मुलगी असो, ज्याचा जो वार, त्यानं त्या दिवशी भाकऱ्या करायच्या. तिच्याबद्दल तक्रारी यायला लागल्या. भाकरी कच्ची असते. एकदा केस निघाला. तिच्या पाळीच्या दिवशी भाकऱ्या उरतात, वाया जातात. शनिवारी सभेत विषय आला. तिला स्वयंपाकातून काढावं, असं मुलांनी ठरवलं.”

“मग?”

“मग एका मुलानं भिंतीवरचा नियम वाचून दाखवला. काम नाही तर मुक्काम नाही. तिला पाळी नाही म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे...” त्यानं हात हवेत फिरवला. “दुसरा ठराव झाला. तिनं घरी जावं. खाली सही माझी.”

गुरुजींनी पिठाचा गोळा दोन्ही हातांत घेऊन दाबला.

“आज बाप येतोय न्यायला. पाचच्या एष्टीनं जातील.”

गुरुजींनी चुलीतला जाळ पुढं सारला.

“मला काय आनंद झालाय का? वाईट मलाही वाटतं! पण मला पटत नाही म्हणून मी मुलांचा निर्णय फिरवला, तर माझ्यात आणि छडी घेऊन बसलेल्या मास्तरात फरक काय राहिला? लोकशाही आपल्या मनासारखी वागेल तेव्हाच पाळायची का?”

वाक्य चांगलं होतं. येताना रस्त्यात त्यानं ते तीनदा घोळवलं होतं.

गुरुजींनी भाकर थापायला घेतली. थप, थप, थप. बाकी काही नाही.

निरंजननं काखेतलं हेल्मेट जमिनीवर आदळलं. इथं माणूस जीव तोडून बोलतोय, आणि म्हाताऱ्याला भाकरीची पडली आहे.

“मतं किती?” गुरुजींनी विचारलं.

“बाजूनं सदतीस. विरोधात एक.”

“पोरं किती?”

“अडतीस.”

“सोजर धरून?”

“हो.”

“तिनं मत दिलं?”

“नाही. ज्याच्याबद्दल ठराव असेल त्यानं सभेत बसायचं नाही. बाकीच्यांवर दडपण नको म्हणून.”

“मग सदतीस पोरांची मतं अडतीस कशी?”

निरंजन कानापर्यंत लाल झाला. “ती चिमी आहे ना. सहा वर्षांची. तिनं दोन्ही वेळा हात वर केला.”

“म्हणजे गोंधळ तेवढ्या एकीचाच झाला म्हण.”

“गुरुजी, थट्टा नका करू.”

“मी थट्टा करतोय?” गुरुजींनी भाकर तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. “त्या पोरीचं म्हणणं कुणी ऐकलं?”

“लेखी मागवलं होतं.”

“तिला लिहिता येतं?”

“अजून नाही.”

उलथनं तव्यावर जरा जोरात आपटलं. चुलीतला जाळ गुरुजींच्या तोंडावर पडला होता, आणि निरंजनला एकदम शाळेतले कासिमगुरुजी आठवले. ते मारत नसत. पण त्यांच्या जबड्याची अशी हालचाल सुरू झाली की अख्खा वर्ग पुस्तकात डोकं घालायचा.

“हे तपशील आहेत,” निरंजनचा आवाज चढला. “तपशिलात चुका होतात. त्या दुरुस्त करू. मी तत्त्वाचं विचारतोय! तत्त्वात कुठं चुकलं ते सांगा. तुम्हीच शिकवलंत ना मला, लेकराच्या शब्दाला किंमत द्यायची म्हणून?”

गुरुजींनी भाकर निखाऱ्यावर उभी केली. ती टम्म फुगली. मग एक ताट ओढलं, त्यात ती भाकर ठेवली, ठेचा वाढला, कांदा बुक्कीनं फोडला, आणि ताट निरंजनपुढं सरकवलं.

“आधी खा.”

“नको, गुरुजी.”

“खा म्हणतो ना.”

निरंजननं ताटावर हात आडवा धरला. पंगतीत नको म्हणताना धरतात तसा, तळवा खाली करून. “मंगळवार आहे. उपास.”

गुरुजी त्या हाताकडं बघत राहिले.

बराच वेळ बघत राहिले. निरंजनला हात काढून घ्यावासा वाटला, आणि का वाटला ते त्याला कळेना.

“शाळेत पोरांच्या पंगतीला बसतोस?”

“रोज! मास्तरांचं ताट वेगळं नसतं आमच्याकडं.”

“आणि मास्तरांची पाळी?”

“म्हणजे?”

“भाकऱ्यांची. तुझा वार कोणता?”

“ती...” निरंजन अडखळला. “ती फक्त मुलांची असते.”

“असू दे. मंगळवारीही बसतोस पंगतीला?”

“बसतो. उपास असला तरी मुलांसोबत बसायचं, हे मी पाळतो. ताट पुढं येतं, मी...”

“हात आडवा धरतोस.”

“हो.”

“असाच?”

“असाच.”

गुरुजींनी काटवट बाजूला सारली.

“सोजरची पाळी कोणत्या वारी?”

चुलीत एक लाकूड खाली घसरलं. निरंजन त्याच्याकडं बघत राहिला. उत्तर त्याला ठाऊक होतं. स्वयंपाकघराच्या दारावर लावलेला पाळ्यांचा तक्ता त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला होता, लाल आणि निळ्या खडूनं.

“मंगळवारी,” तो म्हणाला.

“पोरंही धरतात उपास?”

हा प्रश्न आठ दिवसांपूर्वी कुणी विचारला असता तर निरंजननं छाती फुगवून उत्तर दिलं असतं. एका व्याख्यानात त्यानं ते सांगितलंही होतं. आता त्यानं आवाज उतरवला.

“श्रावणात दोघांनी धरला. मोठ्या मुलांनी. मग वाढत गेले.”

“किती?”

“एकोणीस.”

“एकोणीस!”

“मी कुणाला सांगितलं नव्हतं, गुरुजी. एका शब्दानं नाही. आपणहून धरला त्यांनी. मी सभेत त्यांचं कौतुक केलं. आत्मसंयम म्हणून...”

“त्या दिवशी खातात काय?”

“साबुदाण्याची खिचडी. मोठी मुलं करतात. वेगळ्या पातेल्यात.”

“आणि तिनं थापलेल्या भाकऱ्या?”

निरंजननं मान खाली घातली. क्षणभरच. मग तळपायाची आग मस्तकात गेली आणि तो ताडकन उठला.

“म्हणजे मी जात पाळतो, असं म्हणायचंय तुम्हाला? मी? या चुलीवरचं खाऊन वाढलोय मी! मुसलमानाच्या घरी जेवतो म्हणून गावानं माझ्या आईला नाही नाही ते ऐकवलं, तरी आलो. रोज आलो! आणि तुम्ही मला...”

“खाल्लंस,” गुरुजी म्हणाले. “बारा वर्षांचा होतास आणि उपाशी होतास. भुकेल्याला जात दिसत नाही, निरंजन. पोट भरल्यावर काय खातोस, ते सांग.”

निरंजन उभाच राहिला. इतकं लागेल असं कुणी त्याला गेल्या वीस वर्षांत बोललं नव्हतं. टाळ्यांची सवय वाईट. ती कानांना लागली की साधं बोलणंही शिवीसारखं ऐकू येतं.

“उपास कधी धरलास?”

“आषाढात. आईला अर्धांगाचा झटका आला. ती म्हणाली, देवीचा उपास धर, मी उठून बसेन. आईसाठी धरला, गुरुजी. याच्यात पण तुम्ही...”

“आईसाठी धरलास. चांगलं केलंस. पाळ्यांचा तक्ता कधी लिहिलास?”

“शाळा उघडली तेव्हा. जूनमध्ये.”

“म्हणजे आधी पाळी, मग उपास.”

“योगायोग आहे तो! देवीचा वार मंगळवारच असतो!”

“शुक्रवारही असतो.”

आईच्या खाटेशेजारी बसलेला तो स्वतःला दिसला. तिचं तोंड वाकडं झालेलं, शब्द नीट फुटत नव्हते. तिनं विचारलं होतं. विचारलंच होतं की. मंगळवार धरतोस का शुक्रवार? आणि तो लगेच म्हणाला होता, मंगळवार. विचार न करता. शुक्रवारी शाळेत शिरा असतो, म्हणून असेल. शुक्रवारी पाहुणे येतात, त्यांच्यासोबत जेवावं लागतं, म्हणून असेल. त्याआधीचे तीन-चार मंगळवार त्यानं आठवून बघितले. सोजरनं थापलेली भाकरी आपण खाल्ली होती का? तिची चव आठवेना. ताट आठवेना. ती चुलीपुढं बसलेली मात्र लख्ख आठवत होती, कोपरापर्यंत पीठ, आणि पंगत बसली की दारातून वाकून बघायची, कोण किती खातंय ते.

“मला आठवत नाही,” तो म्हणाला. आवाज त्याचा राहिला नव्हता. “खरंच आठवत नाही, गुरुजी. मुद्दाम केलं असं नाही वाटत. पण मुद्दाम केलं नाही, असं... असंही छातीठोक सांगता येत नाही.”

“मला कशाला सांगतोस?” गुरुजी ओरडले.

ऐंशी वर्षांच्या माणसाचा असा आवाज निघेल असं वाटलं नव्हतं. अंगणातल्या शेळीनंही मान वर केली.

“मला कशाला सांगतोस ते? मी का त्या पंगतीत बसलो होतो? सात महिने, दर मंगळवारी, सदतीस लेकरं तुझ्या हाताकडं बघत बसली. तू त्यांना सगळं शिकवलंस. हात वर कसा करायचा, ठराव कसा लिहायचा, नियम कसा वाचायचा. आणि हे? हे तर तोंड न उघडता शिकवलंस! इतकं पक्कं की त्यांनी शनिवारी तुलाच म्हणून दाखवलं. आणि तू कागदावर सही केलीस!”

निरंजनच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं म्हणावं तर तेही होतं, पण जास्त संतापाचं. कुणावरच्या, ते त्याला आता कळत होतं.

तो खाली बसला. ताट अजून तिथंच होतं, भाकर निवत चालली होती. त्यानं हात पुढं केला.

“मोडतो उपास. द्या.”

गुरुजींनी ताट मागं ओढलं.

“इथं नाही.”

निरंजनचा हात रिकामा राहिला. त्यानं तो मांडीवर ठेवला. मग हेल्मेट उचललं.

“जातो. अजून वेळ आहे. जाऊन ठराव रद्द करतो. नियमबियम गेले खड्ड्यात.”

“शाब्बास!” गुरुजींच्या आवाजाला धार होती. “शनिवारी पोरांचं राज्य, मंगळवारी तुझं. ती पोरगी तुझ्या मेहरबानीवर राहील, आणि बाकीची तिला गुपचूप छळतील. रद्द कर. सोपं हाय.”

“मग करू काय मी?” निरंजन जवळजवळ किंचाळला. “ठेवला ठराव तर पाप, काढला तरी पाप! करू काय?”

“सभा बोलाव.”

“आज? शनिवार नाही आज.”

“एष्टी शनिवारची हाय का?”

निरंजननं मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“सोजरला आत बसव. झबरूलाही बसव,” गुरुजी म्हणाले. “आणि आत्ता मला जे सांगितलंस, ते उभा राहून सांग. आईची खाट, मंगळवार, शुक्रवार, सगळं. आठवत नाही, तेही सांग.”

“मुलांसमोर?”

“त्यांच्यासमोरच केलंस ना?”

“पण शिक्षक असतील, गुरुजी. झबरूसमोर... तो माणूस चार वेळा नको म्हणाला होता. मीच त्याला म्हणालो होतो, आमच्या शाळेत तसलं काही नसतं.”

“तेही सांग.”

निरंजननं अंगणाकडं बघितलं. ऊन कलायला लागलं होतं. पन्नास किलोमीटर म्हणजे सव्वा तास, त्यात मधला घाट. माळावर सोजर आपलं गाठोडं बांधून पायरीवर बसली असेल. तिला कुणी काही समजावून सांगितलं असेल का? शालनबाई असत्या तर सांगितलं असतं. त्याही गेल्या.

सगळ्यांसमोर उभं राहायचं. चिमी समोर बसलेली असेल, पहिल्या रांगेत, बोट तोंडात घालून. ज्या पोरानं नियम वाचून दाखवला, तो असेल. त्याला निरंजननं शनिवारी म्हटलं होतं, छान मांडलंस. पुस्तकात या सभांवर एक अख्खं प्रकरण होतं. ते वाचून आलेले पाहुणे यापुढं काय बोलतील, हाही विचार मनात येऊन गेला, आणि असला विचार आत्ताही येतो याची त्याला किळस वाटली.

“सांगितल्यावर मत घेऊ?” त्यानं विचारलं.

“घे की. सभा कशाला बोलावतोस मग?”

“सगळ्यांचं?”

“अडतीस. आणि तुझा हात सगळ्यांच्या शेवटी.”

निरंजन उंबऱ्यापर्यंत गेला. मोटारसायकलची किल्ली त्यानं मुठीत इतकी आवळली होती की ती तळव्यात रुतली. एकच प्रश्न उरला होता, आणि तो विचारल्याशिवाय पाय निघेना.

“गुरुजी... आणि एवढं सगळं सांगूनही पोरांनी पुन्हा तसंच मत दिलं तर?”

गुरुजींनी काटवट पुढं ओढली. मुठीत पीठ घेतलं, पाणी घातलं, आणि मळायला सुरुवात केली.

“तर झबरूला म्हणावं, पाचच्या एष्टीची तिकिटं दोन नको, तीन काढ.”